जुडी, भारा आणि भागाकाराच्या कसोट्या

मूल पाचवी-सहावीत गेले की पुष्कळ घरांत एक निकाल लागतो. तो शाळेच्या प्रगतिपुस्तकात लिहिलेला नसतो. ओसरीवर बसल्या बसल्या कोणीतरी म्हणते, "याला गणितात डोकं नाही." दुसरा म्हणतो, "आम्हाला तरी कुठं होतं?" झाले! त्या दिवसापासून त्या मुलाचे गणिताचे पुस्तक दप्तरात तळाशी जाते. मुलगी असेल तर निकाल आणखी लवकर लागतो. आणि तेच मूल बाजारात वांगी विकताना सुट्या पैशांचा हिशेब चटकन करते, गोठ्यातल्या चार म्हशींना वैरण बरोबर वाटून घालते, याची आठवण त्या वेळी कोणाला होत नाही.

हा निकाल ज्या धड्यांपाशी लागतो, त्यांत विभाज्यतेच्या कसोट्यांचा धडा असतो. एखाद्या संख्येला दुसऱ्या संख्येने पूर्ण भाग जातो की नाही, हे प्रत्यक्ष भागाकार न करता ओळखण्याच्या या खुणा. एककस्थानी सम अंक असेल तर दोनने भाग जातो. अंकांच्या बेरजेला तीनने भाग गेला तर संख्येलाही जातो. शेवटच्या दोन अंकांनी बनलेल्या संख्येला चारने भाग गेला तर साऱ्या संख्येला जातो. अशी सात-आठ वाक्ये मूल पाठ करते, आणि परीक्षेत चारची कसोटी तीनला लावते, तीनची चारला. पुढे अपूर्णांकांना संक्षिप्त रूप द्यायचे येते, लसावि-मसावि येतो, तेव्हा त्याच कसोट्या लागतात आणि मूल तिथेच अडते.

दोष पाठांतराचा नाही. पाढे पाठच हवेत. पण कसोटी ही पाढ्यासारखी नव्हे. तिच्यामागे कारण आहे आणि ते कारण डोळ्यांनी दिसते, हातांनी चाचपता येते. एकदा दिसले की वाक्य विसरले तरी मूल ते पुन्हा स्वतः तयार करू शकते. त्यासाठी विकतचे काहीही लागत नाही. शाळेत गुरुजींना आणि बाईंना हे करता येईल. आणि घरी, अक्षरओळख नसलेल्या आजीलाही करता येईल.

साहित्य कोणते?

तुरीच्या वाळलेल्या काड्या घ्या, नाहीतर जुन्या खराट्याच्या. बोट-दीड बोट लांबीचे तुकडे करा. वर्गात तीस मुले असतील आणि प्रत्येकाने वीस तुकडे आणले तर सहाशे होतात. तेवढे पुष्कळ झाले. दहा काड्या सुतळीने बांधल्या की एक जुडी. अशा दहा जुड्या एकत्र बांधल्या की एक भारा. म्हणजे सुट्या काड्या हे एकक, जुडी म्हणजे दशक आणि भारा म्हणजे शतक. शेतकऱ्याच्या मुलाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. मेथीची जुडी आणि गवताचा भारा तो रोज पाहतो.

आता २३४ ही संख्या मांडायची तर २ भारे, ३ जुड्या आणि ४ सुट्या काड्या. फळ्यावरचे २, ३, ४ हे अंक म्हणजे नेमके काय, हे मुलाच्या पुढ्यात पडलेले असते. पुढचा सगळा खेळ एकाच प्रश्नाचा आहे: या काड्या इतक्या जणांत सारख्या वाटल्या तर काही उरते का?

दोन, पाच आणि दहा

पहिल्यांदा सोपे घ्यावे. दोन मुले समोर बसवावीत आणि एक जुडी द्यावी. पाच-पाच काड्या वाट्याला आल्या, उरले काही नाही. दुसरी जुडी दिली तरी तेच. भारा म्हणजे दहा जुड्याच, तोही बिनतक्रार वाटला जातो. मग तक्रार कोठे होणार? फक्त सुट्या काड्यांत. म्हणून दोनसाठी एककाचा अंक तेवढा पाहायचा. पाच मुले बसवली तरी हेच घडते. जुडीतून प्रत्येकाला दोन काड्या मिळतात आणि सुट्या ५ असतील किंवा मुळीच नसतील तरच वाटणी पुरी होते. दहा मुलांना तर जुडीतली एकेक काडी. सुटी काडी एकही असली तरी ती उरणारच.

पाचची कसोटी आपल्याकडे खळ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा शेकडा. मुलाला विचारावे, "३४७ पेंढ्या आहेत, पाचुंदे बांधले तर किती पेंढ्या सुट्या राहतील?" भागाकार करायची गरज नाही. भारे आणि जुड्या पाचांत पुऱ्या बसतात. सात सुट्यांतून पाच गेल्या, दोन उरल्या. उत्तर दोन. हे उत्तर पाटी न घेता आले की मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहण्यासारखे असते.

चार आणि आठ

चार मुले बसवा. जुडी दिली तर प्रत्येकी दोन काड्या आणि दोन उरल्या. म्हणजे येथे जुडी बिनतक्रार जात नाही. आता अख्खा भारा द्या. शंभर काड्या चौघांत, प्रत्येकी पंचवीस. उरले शून्य! म्हणून चारसाठी भाऱ्यांकडे पाहायचे नाही, फक्त जुड्या आणि सुट्या पाहायच्या. शेवटचे दोन अंक का, याचे उत्तर हेच. ७१६ मधले ७ भारे बाजूला ठेवा. १६ ला चारने भाग जातो, म्हणून ७१६ लाही जातो. ७३४ मधल्या ३४ ला जात नाही, म्हणून नाही.

आठला भाराही पुरत नाही. शंभर काड्या आठांत वाटल्या तर प्रत्येकी बारा जाऊन चार उरतात. पण हजार काड्या असल्या तर प्रत्येकी सव्वाशे, बाकी नाही. म्हणून आठसाठी शेवटचे तीन अंक. हजार काड्या बांधत बसू नये. चारचे समजलेले मूल आठचे तोंडी सांगते.

चारची कसोटी भिंतीवरच्या कालनिर्णयातही आहे. २०२४ साली फेब्रुवारीचे २९ दिवस होते. २०२८ सालीही असतील, कारण २४ ला आणि २८ ला चारने भाग जातो. मात्र शतकपूर्तीच्या वर्षांना वेगळा नियम आहे. १५८२ साली युरोपात जे सुधारलेले कॅलेंडर सुरू झाले, त्यात अशा वर्षाला ४०० ने भाग जायला हवा, असे ठरले. म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते आणि २१०० नसेल. मुलांना घरातल्या माणसांची जन्मवर्षे विचारून आणायला सांगावीत आणि त्यांतली लीप वर्षे शोधायला लावावीत.

नऊ आणि तीन : खरी गंमत येथे

सगळ्या कसोट्यांत मुलांना कोडे वाटते ते नऊचे आणि तीनचे. अंकांची बेरीज कशासाठी करायची? दोन भारे आणि तीन जुड्या यांची बेरीज पाच, म्हणजे कशाची पाच? हा प्रश्न मुलाने विचारला तर त्याला गप्प बसवू नये. प्रश्न अगदी बरोबर आहे.

नऊ मुले गोल बसवा. वर्गात तेवढी मुले नसतील तर नऊ वाट्या किंवा पळसाची नऊ पाने मांडा. मध्ये परात ठेवा. आता एक जुडी सोडा आणि प्रत्येकाला एकेक काडी द्या. नऊ गेल्या, एक उरली. ती परातीत टाका. दुसरी जुडी सोडा. पुन्हा एक उरली, ती परातीत. प्रत्येक जुडीमागे परातीत एक काडी पडते, हे मुले दोन-तीन वेळा करताच ओरडून सांगू लागतात.

मग भारा घ्या. घाई करू नका. भाऱ्यातल्या दहा जुड्या एकेक करून सोडा. प्रत्येकीची एक, अशा दहा काड्या उरल्या. पण दहा काड्या म्हणजे पुन्हा एक जुडीच की! तीही वाटा: नऊ गेल्या, एक उरली. म्हणजे शंभरातल्या ९९ काड्या नऊ जणांत अकरा-अकरा गेल्या आणि एक परातीत पडली. भारा असो की जुडी असो, परातीत एकच काडी.

आता २३४ वाटा. दोन भाऱ्यांच्या २ काड्या, तीन जुड्यांच्या ३ आणि सुट्या ४. परातीत २ + ३ + ४ म्हणजे ९ काड्या जमल्या. त्या नऊ जणांना एकेक देऊन टाकल्या, परात रिकामी झाली. प्रत्येकाने आपल्या काड्या मोजाव्यात: भाऱ्यांच्या २२, जुड्यांच्या ३ आणि परातीतली १, एकूण २६. पाटीवर २३४ भागिले ९ करून पाहा, २६ च येतात.

अंकांची बेरीज म्हणजे काय, तर परातीत पडलेल्या काड्या! मुलाला हे एकदा कळले की "बेरीज का करायची" हा प्रश्न राहत नाही. मग २३५ घ्यावी. परातीत दहा काड्या पडतात, म्हणजे नऊने भागले तर बाकी एक. मग ३४२, ४२३, ४३२ अशा संख्या द्याव्यात. हुशार मूल काड्यांना हातही लावत नाही. "बाई, अंक तेच आहेत, परातीत नऊच पडणार," असे म्हणते.

तीनचेही असेच. तीन मुलांत जुडी वाटली तर तीन-तीन जाऊन एक उरते. भारा वाटला तर ३३-३३ जाऊन एक उरते. परातीतल्या काड्या तिघांत पुऱ्या बसल्या की काम झाले. ज्या संख्येला नऊने भाग जातो तिला तीनने जातोच. उलट मात्र नेहमी खरे नसते. १२ काड्या तिघांत बसतात, नऊ जणांत नाही.

येथे एखादे मूल हमखास विचारते, "हजाराचं काय?" वर्गात हजार काड्या नसतात. बाईंनी उत्तर देऊ नये. "तूच सांग," म्हणावे. मूल थोडा वेळ गप्प बसते, मग म्हणते, "हजार म्हणजे दहा भारे. दहा भाऱ्यांच्या दहा काड्या उरतील. दहा म्हणजे जुडी. म्हणजे एकच!" हे वाक्य ज्या मुलाच्या तोंडून निघाले, त्याला गणितात डोके नाही असे म्हणण्याचा अधिकार यापुढे कोणालाही नाही. हातात काडी नसताना त्याने काडीचा विचार केला. गणित म्हणतात ते हेच.

सहा आणि सात

सहासाठी पटांगणात रांग करावी. मुलांना १ ते ३६ क्रमांक द्यावेत. मुले कमी असतील तर एकाने दोन क्रमांक घ्यावेत आणि खेळ दोनदा खेळावा. दोनने भाग जाणाऱ्यांनी उजवा हात वर करावा, तीनने भाग जाणाऱ्यांनी डावा. ज्यांचे दोन्ही हात वर ते सहाचे. ६, १२, १८, २४, ३०, ३६ ही मुले साऱ्या शाळेला दिसतात.

पण एक सावधगिरी शिकवावी. दोन आणि चार या दोन्हींनी भाग गेला म्हणून आठने जाईलच असे नाही. १२ ला दोनने जातो, चारने जातो, आठने नाही. दोन आणि तीन यांना १ सोडून कोणताही सामाईक विभाजक नाही, म्हणून त्यांची जोडी चालते. दोन आणि चार यांचे तसे नाही.

सातसाठीही कसोटी आहे: एककाचा अंक दुप्पट करून उरलेल्या संख्येतून वजा करायचा. ३४३ मध्ये ३४ मधून ६ गेले, २८ राहिले, २८ ला सातने भाग जातो म्हणून ३४३ लाही जातो. तरी लहान संख्येसाठी सरळ भागाकार करणे तितकेच सोपे पडते. सातचा सराव रोपांवर करावा. भाजीची रोपे तयार करण्याच्या ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये एका बाजूने ७ आणि दुसऱ्या बाजूने १४ कप्पे असतात. मुलाला रिकामा ट्रे द्या आणि न मोजता एकूण कप्पे सांगायला लावा. नंतर २४ खडे देऊन सारख्या ओळींचे जितके वाफे लागतील तितके लावायला सांगा: २ ओळी बाराच्या, ३ आठच्या, ४ सहाच्या. मग एक खडा काढून घ्या. २३ खड्यांचे सारख्या ओळींचे वाफे काही केल्या लागत नाहीत. एकच लांब ओळ होते. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात, हे नाव शेवटी सांगावे.

अकरा : उरलेले आणि कमी पडलेले

अकराची कसोटी पुस्तकात सर्वांत अवघड वाटते: एक सोडून एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या आणि त्यांतला फरक पाहायचा. काड्यांवर ती सोपी आहे. अकरा वाट्या मांडा. जुडी वाटायला घेतली तर दहा वाट्यांत काडी पडते आणि अकरावी रिकामी राहते. म्हणजे प्रत्येक जुडीमागे एक काडी कमी पडते. भारा वाटला तर प्रत्येकी नऊ जाऊन, म्हणजे ९९ संपून, एक उरते.

आता २५३ घ्या. दोन भाऱ्यांच्या २ काड्या उरल्या, सुट्या ३ आहेत; शिल्लक ५. पाच जुड्यांमागे ५ कमी पडल्या. शिल्लक पाच कमी पडलेल्या पाचांना पुरल्या. सारे वाटले गेले! म्हणून २५३ ला अकराने भाग जातो आणि प्रत्येक वाटीत २३ काड्या येतात. जमा-खर्च ठाऊक असलेल्या घरात ही कसोटी मुलाला कोणीही समजावू शकेल.

पट्टी तपासणारा नऊ

हे सारे परीक्षेपुरते नाही. आडत्याकडून आलेली पट्टी, दूध संस्थेचा हिशेब, बचत गटाची वही, या ठिकाणी नऊचा उपयोग फार जुना आहे. दहाव्या शतकातल्या दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्त' या ग्रंथात नऊच्या आधारे आकडेमोड पडताळण्याची रीत दिलेली आहे.

समजा १७ क्रेट टोमॅटो क्रेटला ३८५ रुपये दराने गेले. पट्टीवर ६,४४५ रुपये लिहिले आहेत. बरोबर आहे का? ३८५ च्या अंकांची बेरीज १६, पुन्हा १ + ६ म्हणजे ७. सतराचे ८. सात आठे छप्पन्न. ५ + ६ म्हणजे ११, म्हणजे २. उत्तराच्या अंकांची बेरीजही शेवटी २ यायला हवी. ६४४५ ची येते १९, म्हणजे १०, म्हणजे १. जमत नाही! पट्टी चुकली आहे. खरा आकडा ६,५४५. त्याची बेरीज २०, म्हणजे २.

मात्र नऊ सगळ्याच चुका पकडत नाही. लिहिणाऱ्याने ६,५४५ ऐवजी अंकांची अदलाबदल करून ६,४५५ लिहिले तर अंक तेच राहतात, बेरीज तीच येते आणि नऊ फसतो. तेथे अकरा मदतीला येतो. ३८५ मध्ये ३ आणि ५ मिळून ८, मधला अंकही ८. म्हणजे ३८५ ला अकराने भाग जातो. मग १७ पट केलेल्या उत्तरालाही जायलाच हवा. ६५४५ मध्ये ६ + ४ = १० आणि ५ + ५ = १०, जातो. ६४५५ मध्ये ६ + ५ = ११ आणि ४ + ५ = ९, जात नाही. चूक सापडली. मोबाईलवर हिशेब केला तरी बोट चुकीच्या आकड्यावर पडू शकते; ही दोन माणसे, नऊ आणि अकरा, दाराशी राखणीला असलेली बरी.

आणखी एक खूण बचत गटाच्या भगिनींनी ध्यानात ठेवावी. वहीतली बेरीज आणि पेटीतली रक्कम यांत फरक आला आणि त्या फरकाला नऊने भाग जात असला, तर बहुतेक वेळा कोठेतरी शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेलेले असतात. फरक २७० चा आहे असे समजा. २ + ७ म्हणजे ९, भाग जातो. २७० म्हणजे तीन नव्वद, म्हणून शतक आणि दशक यांच्या अंकांत ३ चा फरक असलेली रक्कम शोधावी. ८५० च्या जागी ५८० लिहिलेले सापडते. एकमेकींवर संशय घेण्याआधी ही खूण पाहावी.

देवळालीचे कापरेकर गुरुजी

अंकांशी असे खेळत राहून जगभर नाव मिळवलेले एक शाळामास्तर आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण घेऊन ते १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत राहिले. मोठी पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. वही, पेन्सिल आणि अंक एवढीच त्यांची सामग्री. १९७५ साली अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कामाविषयी लिहिले आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव दूरवर गेले. १९८६ साली ते वारले.

त्यांनी काही संख्यांना 'हर्षद' असे सुंदर नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या. १८ ची बेरीज ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. २१ ची ३, भाग जातो. २२ ची ४, भाग जात नाही. भागाकाराचा सराव करून घ्यायला याहून चांगला खेळ नाही. "पन्नास भागाकार करा" म्हटले तर मुले तोंड वाकडे करतात. "हर्षद शोधा" म्हटले तर तेच भागाकार आनंदाने करतात.

त्यांचा दुसरा शोध असा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ = ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ = ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ = ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च येतात. सात वेळांच्या आत प्रत्येक संख्या ६१७४ वर येऊन थांबते.

३०८७, ८३५२ आणि ६१७४ यांच्या अंकांची बेरीज करा. प्रत्येकाची १८. म्हणजे प्रत्येकाला नऊने भाग जातो. असे का, हे परातीजवळ बसलेले मूल सांगू शकेल. दोन्ही संख्यांत अंक तेच, म्हणून दोघींच्या परातीत काड्या सारख्याच पडणार. एकीतून दुसरी वजा केली की परात रिकामी. देवळालीच्या गुरुजींचा आकडा आणि आपल्या तुरीच्या काड्या यांची अशी ओळख आहे.

आजी-आजोबांचा वाटा

आईबापांना शेतातून सवड नसते हे खरे. पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ केलेल्या असतील तर त्यांना मुलांच्या पुढ्यात बसवावे. १ एप्रिल १९५७ पासून शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. आजोबांनी मुलाला विचारावे, "चौसष्टाचं निम्मं, त्याचं निम्मं, असं किती वेळा जमतं?" ३२, १६, ८, ४, २, १. सहा वेळा. शंभराचे निम्मे ५०, त्याचे २५, आणि तेथेच काम अडले. केळी डझनावर का विकतात, तेही विचारावे. बाराला दोनने, तीनने, चारने आणि सहाने भाग जातो. दहाला फक्त दोनने आणि पाचने. वाटणीला बारा सोयीचे. आपल्या बाजारातली मापे कोणीतरी विभाज्यता जाणूनच ठरवली असणार, हे मुलाला उमगेल.

शिकवताना एवढे सांभाळा

नियम आधी सांगू नका. तीन-चार संख्या वाटून झाल्या की "काय दिसलं?" एवढेच विचारा आणि मुलाच्या शब्दांत नियम फळ्यावर लिहा. "जुडी मागं एक उरती" हे वाक्य पुस्तकी वाक्याइतकेच खरे आहे. पुस्तकाची भाषा दुसऱ्या दिवशी शिकवता येते.

चुकीचे उत्तर आले तर हसू नका, काड्या पुढे करा. वाटून पाहिले की चूक मुलालाच दिसते आणि कोणाचा अपमान होत नाही.

एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील तर सहावीच्या मुलांनी चौथीच्या मुलांना वाटणी करून दाखवावी. दाखवणाऱ्याचे अधिक पक्के होते.

काड्यांत फार दिवस अडकू नका. आठवडाभर काड्या, नंतर चिठ्ठ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ० ते ९ लिहून तीन चिठ्ठ्या उचलायला सांगा. १, ५, ६ आले तर कसेही मांडा, तीनने भाग जातोच. दोनसाठी ६ शेवटी हवा. चारसाठी १५६ किंवा ५१६. पाचसाठी १६५ किंवा ६१५. कोठे जागा महत्त्वाची आणि कोठे नाही, हे मुलाला आपोआप कळते.

सोडवून पाहा

१. ५२८ पेंढ्यांचे पाचुंदे बांधले तर किती पेंढ्या सुट्या राहतील?
२. ७४□ या संख्येला नऊने भाग जाण्यासाठी चौकटीत कोणता अंक हवा?
३. ४७३ ला अकराने भाग जातो का?
४. १० ते ५० मध्ये हर्षद संख्या किती आणि कोणत्या?
५. वहीतली बेरीज आणि शिल्लक यांत ३६ रुपयांचा फरक आहे. कोणत्या प्रकारची रक्कम शोधाल?

उत्तरे : (१) ३. (२) ७, परातीत ११ पडल्या आहेत, १८ व्हायला सात हव्यात. (३) हो; ४ + ३ = ७ आणि मधला अंकही ७. (४) चौदा : १०, १२, १८, २०, २१, २४, २७, ३०, ३६, ४०, ४२, ४५, ४८, ५०. (५) दशक आणि एकक यांत ४ चा फरक असलेली, उदाहरणार्थ ७३ च्या जागी ३७.

तूर झोडपून झाली की थोड्या काड्या चुलीतून वाचवा आणि मुलाच्या हाती द्या. निकाल त्यानंतर लावा.